याची टोपी त्याच्या डोक्यावर: क्रेडिट कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर नेण्याआधी

एका कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर टाकणं म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर, असं मामा मला म्हणाले होते. खोटं नव्हतं ते. पण पहिल्या डोक्याचं भाडं महिन्याला साडेतीन टक्के आणि दुसऱ्याचं सव्वा टक्का असेल, तर टोपी फिरवायला हरकत नाही. फक्त ती फिरवताना खिसा कापला जाणार नाही एवढं बघावं लागतं. माझा थोडा कापला गेला. तुमचा वाचावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला विम्याच्या वर जो खर्च झाला, तो मी कार्डावर टाकला आणि पुढचे आठ महिने 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावर लिहिलेली किमान रक्कम, तेवढीच भरत राहिलो. वेळेवर, न चुकता. आठ महिन्यांत सुमारे पन्नास हजार रुपये भरले, आणि थकबाकी १ लाख २८ हजारांवरून १ लाख २० हजारांवर आली. त्या काळात त्या कार्डावर एक रुपयाची खरेदी केली नव्हती. स्टेटमेंटचे आकडे एका रविवारी वहीत मांडले तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

१. आधी भोक कुठे आहे ते बघा

आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर थकलेल्या रकमेचं व्याज महिन्याला ३ ते पावणेचार टक्के असतं, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. १ लाख २० हजारांवर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज ४,२०० रुपये, जीएसटी ७५६, एकूण ४,९५६. मिनिमम ड्यू साधारण ५ टक्के धरला तर ६,००० रुपये. त्यातले ४,९५६ व्याजात आणि करात गेले की मुद्दलातून सुटतात १,०४४ रुपये. माझे पन्नास हजार असेच गेले.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. मागचं बिल पूर्ण भरलं नाही, तर नव्या खरेदीवरची ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदतही जाते. मग साध्या किराणा बिलावरसुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं.

आणि कोर्ट हे व्याज कमी करेल या आशेवर राहू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं कार्डाचं व्याज अनुचित ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला.

तेव्हा प्रत्येक कार्डाचं शेवटचं स्टेटमेंट काढा आणि वहीत चार रकाने आखा: एकूण थकबाकी, महिन्याचा व्याजदर, स्टेटमेंटची तारीख, ड्यू डेट (बिल भरायची शेवटची तारीख). चालू असलेले ईएमआय वेगळे लिहा. ते बहुधा कमी दराचे असतात, त्यांना हलवायची गरज नसते.

२. दुसरं कार्ड खरंच लागतंय का?

एका कार्डाची थकबाकी दुसऱ्यावर नेण्याला बँका बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. ते म्हटलं की नवं कार्ड घ्यायलाच हवं असं वाटतं. पण तुमच्याकडे दुसऱ्या बँकेचं कार्ड आधीच असेल, तर आधी त्याच्या अ‍ॅपमध्ये 'बॅलन्स ट्रान्सफर' किंवा 'बीटी' शोधा. ऑफर तिथेच पडून असू शकते. नवा अर्ज नको, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, नवी चौकशी नको.

ते नसेल तर जुन्याच बँकेला फोन करून थकबाकीचे हप्ते पाडून मिळतील का ते विचारा. एकाच बँकेच्या एका कार्डावरून दुसऱ्यावर ट्रान्सफर होत नाही, पण हप्ते होऊ शकतात.

आणि पर्सनल लोनचा दर विचारल्याशिवाय तर पुढे जाऊच नका. इथे एक बारीक मुद्दा आहे. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, कार्डावरच्या हप्त्यांच्या व्याजावर मात्र १८ टक्के आहे. म्हणजे कार्डाचे १५ टक्के प्रत्यक्षात १७.७ पडतात आणि पर्सनल लोनचे १५ हे १५च राहतात. तुम्ही पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेचे सभासद असाल तर तिथला दर आधी बघा. माझ्या एका सहकाऱ्याचं काम तिथेच झालं. घरात सोनं असेल तर सोने तारण कर्ज बहुतेक वेळा कार्डापेक्षा स्वस्त पडतं. बायकोचे दागिने तारण ठेवायला लाज वाटते हे मला मान्य आहे. मलाही वाटली, म्हणून मी कार्डाकडे वळलो. पण हिशोबाच्या वहीत लाजेला रकाना नसतो.

एक करू नका. एका कार्डावरून एटीएममधून रोख काढून दुसऱ्याचं बिल भरणं. रोख काढल्यावर साधारण अडीच टक्के फी लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. मोबाइलच्या दुकानात 'कार्ड घासा, कॅश न्या' म्हणणारेही भेटतील. ते दोन-तीन टक्के कापून घेतात, कार्डाच्या अटी तुम्ही मोडलेल्या असतात, आणि थकबाकी होती तिथेच राहते.

३. सिबिल बघा, मगच अर्ज करा

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. संस्थेच्या स्वतःच्या साइटवरून काढा. 'फ्री स्कोअर' दाखवणाऱ्या अ‍ॅपवरून काढलात तर कर्जाचे फोन येत राहतील.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. त्या आकड्यापेक्षा मी आतलं आधी बघतो: कुठे उशिराची नोंद आहे का, बंद केलेलं जुनं कर्ज चालू दिसतंय का, लिमिटच्या किती टक्के वापर आहे. वापर ३० टक्क्यांच्या आत असावा असं म्हणतात. थकबाकीवाल्याचा तो नसतोच. तरी अहवालात चूक असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या.

चार बँकांकडे एकदम अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि घाईला आलेला माणूस बँकेला लांबून ओळखू येतो. एक अर्ज करा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि हे सगळं हप्ते चुकायच्या आधी करा. एकदा थकलात की ऑफर येणं बंद होतं.

४. ऑफर टक्क्यांत नाही, रुपयांत मोजा

अमेरिकेतल्या चुलतभावाचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तिकडे ३ ते ५ टक्के फी घेऊन १२ ते २१ महिने शून्य व्याज देणारी कार्डं मिळतात. आपल्याकडे साधारण दोन तऱ्हा असतात. एक, थोड्या मुदतीची: दोन-तीन महिने कमी किंवा शून्य व्याज, वर प्रोसेसिंग फी. दुसरी, हप्त्यांची: ६, १२, २४ महिने वगैरे.

पहिली तऱ्हा फक्त त्यांच्यासाठी, ज्यांचे पैसे कुठून तरी नक्की येणार आहेत. एफडी मोडणार आहे, बोनस ठरलेला आहे, भिशी लागणार आहे. समजा ६० दिवस शून्य व्याज आणि २ टक्के फी. १ लाख २० हजारांवर फी २,४०० अधिक जीएसटी ४३२, म्हणजे २,८३२. जुन्या कार्डावर दोन महिन्यांत ९,९०० च्या घरात गेले असते. फायदा सरळ आहे. पण ६१ व्या दिवशी उरलेल्या रकमेवर नेहमीचा दर लागतो, आणि मग फी भरून आपण होतो तिथेच येतो.

पगारातून फेडणाऱ्याला हप्तेच बरे. १ लाख २० हजार, १२ महिने, महिन्याला १.२५ टक्के, घटत्या शिलकीवर (म्हणजे व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर), असं धरून वहीत मांडलं तर:

हप्ता: १०,८३१ रुपये
वर्षाचं एकूण व्याज: सुमारे ९,९७०
त्यावर जीएसटी: सुमारे १,८००
प्रोसेसिंग फी २ टक्के, जीएसटीसह: २,८३२
एकूण खर्च: सुमारे १४,६००

तेवढेच पैसे, म्हणजे महिन्याला सरासरी ११,२०० रुपये, जुन्याच कार्डावर भरत राहिलो असतो तर फिटायला चौदा-पंधरा महिने लागले असते आणि खर्च ४१ हजारांच्या वर गेला असता. हाच हिशोब १४ टक्क्यांच्या पर्सनल लोनचा, २ टक्के फी धरून, १२,१०० च्या आसपास येतो. लोन मिळत असेल तर तेच घ्या असं मी आज म्हणेन.

आता या लेखातला सगळ्यात मोठा सापळा. फोनवरचा मुलगा म्हणाला, 'सर, फक्त एक टक्का महिना!' सव्वापेक्षा एक कमी, म्हणून मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात विचारलं, 'फ्लॅट की रिड्यूसिंग?' तो दोन सेकंद गप्प झाला. फ्लॅट होता. फ्लॅट म्हणजे शेवटच्या महिन्यातसुद्धा व्याज पूर्ण १ लाख २० हजारांवर धरतात, तोवर तुम्ही त्यातले अकरा हप्ते फेडलेले असले तरी. एक टक्का फ्लॅट म्हणजे वर्षाचं व्याज १४,४००. सव्वा टक्का रिड्यूसिंगचं, म्हणजे घटत्या शिलकीवरचं, ९,९७०. तो 'एक टक्का' घटत्या शिलकीच्या भाषेत वर्षाला साडेएकवीस टक्के पडतो.

म्हणून टक्के ऐकत बसू नका. एकच वाक्य म्हणा: 'मी सगळं मिळून, जीएसटीसकट, एकूण किती रुपये परत देणार?' आणि तो आकडा ईमेलवर मागा. जो देत नाही त्याला सोडा.

५. कार्ड ठरवताना विचारायचे प्रश्न

रिवॉर्ड पॉइंट, विमानतळावरचं लाउंज, सिनेमाची तिकिटं हे सगळं या वेळेपुरतं विसरा. ट्रान्सफर केलेल्या रकमेवर पॉइंट मिळतही नाहीत. कामाचे प्रश्न हे:

लिमिटच्या किती टक्के ट्रान्सफर मिळेल? पूर्ण लिमिट मिळत नाही. ७५-८० टक्क्यांची अट नेहमीची. माझ्या नव्या कार्डाला दीड लाखाचं लिमिट आलं आणि बँक ७५ टक्के देत होती, म्हणजे १ लाख १२ हजार ५००. उरलेले साडेसात हजार दिवाळी बोनसमधून भरले. अर्ज करताना लिमिट किती येणार हे कोणी सांगत नाही, त्यामुळे ही फट राहणार हे धरूनच चाला.

कार्ड हातात आल्यावर ट्रान्सफर किती दिवसांनी मिळेल? 'कार्ड घ्या, बीटी होऊन जाईल' हे विकणाऱ्याचं आश्वासन असतं, बँकेचं नाही.

वार्षिक फी किती, आणि पहिल्या वर्षी माफ आहे का? एक हजार फी म्हणजे जीएसटीसह १,१८०. तीही वर खर्चाच्या यादीत मिळवा.

मुदतीआधी फेडलं तर दंड किती? उरलेल्या मुद्दलावर ३ टक्के अधिक जीएसटी असा दंड बऱ्याच ठिकाणी दिसतो. लवकर फेडायचा विचार असेल तर आधीच लहान मुदत घ्या.

हप्ता चुकला तर ऑफरचा दर राहतो की जातो?

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अर्जासोबत दर आणि शुल्कांचं एका पानाचं पत्रक देणं बँकेवर बंधनकारक आहे. ते मागून घ्या आणि वाचा. चहा घेत वाचलं तरी दहा मिनिटं लागतात.

६. जवळ काय काय हवं

पॅन आणि आधार (दोन्हीकडे नाव सारखंच हवं, माझ्या पॅनवर वडिलांचं नाव मध्ये होतं, आधारवर नव्हतं, त्यात चार दिवस गेले)
आधारला जोडलेला मोबाइल, चालू स्थितीत
शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या. व्यवसाय असेल तर दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं
सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
जुन्या कार्डाची शेवटची दोन-तीन स्टेटमेंट
जुन्या कार्डाचा पूर्ण नंबर, आणि त्या बँकेचा कार्डाची बिलं भरण्यासाठी असलेला आयएफएससी कोड. हा तुमच्या शाखेच्या कोडपेक्षा वेगळा असू शकतो, साइटवरून खात्री करा.
हिशोबाची वही. ती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

जुन्या कार्डाचा ओटीपी, पिन किंवा मागचे तीन आकडे ट्रान्सफरला कधीही लागत नाहीत. 'बीटी करून देतो' म्हणून जो मागेल तो चोर. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

७. ट्रान्सफरचे दिवस, आणि माझी चूक

अर्ज मंजूर झाला की नवी बँक पैसे बहुधा एनईएफटीने थेट जुन्या कार्डावर पाठवते. दोन-चार दिवसांपासून आठवड्यापर्यंत वेळ धरा. या काळात जुन्या कार्डाची ड्यू डेट आली तर मिनिमम ड्यू भरा. 'पैसे निघालेत' म्हणून थांबू नका. थोडे जास्त गेले तर कार्डावर जमा दिसतात आणि परत मागता येतात.

माझी चूक याच्या पुढची. स्टेटमेंट ५ तारखेला निघालं होतं, पैसे २३ तारखेला पोचले. अ‍ॅपमध्ये थकबाकी शून्य दिसली, मी घरी पेढे नेले आणि ते कार्ड कपाटात टाकलं. पण ५ ते २३ या अठरा दिवसांचं व्याज चालूच होतं, आणि ते दिसतं पुढच्या स्टेटमेंटमध्ये. साधारण २,५०० रुपये व्याज, वर जीएसटी, मिळून २,९०० चं बिल आलं. ते मी उघडलंच नाही. मग त्यावर लेट फी, तिच्यावर जीएसटी. बिल ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त राहिलं की बँक ते थकीत म्हणून सिबिलला कळवू शकते. माझं तीन आठवडे राहिलं होतं. सव्वा लाख फेडायची सोय केली आणि २,९०० साठी अहवालात डाग लावून घेतला.

तेव्हा ट्रान्सफर झाल्यावर जुन्या कार्डाची पुढची दोन स्टेटमेंट उघडून बघा. शेवटचा रुपया भरल्यावरही.

८. नवं कार्ड आल्यावर

पहिलं बिल बघून दचकू नका. वरच्या १ लाख २० हजारांच्या हिशोबात हप्ता १०,८३१, पहिल्या महिन्याच्या व्याजावरचा जीएसटी २७०, आणि प्रोसेसिंग फी जीएसटीसह २,८३२: मिळून चौदा हजारांच्या जवळ. तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवा. पुढे जसं व्याज घटतं तसा जीएसटीही उतरतो.

या कार्डाचा मिनिमम ड्यू जुन्यासारखा ५ टक्के नसतो. त्यात पूर्ण हप्ता धरलेला असतो. हप्त्याइतकेच भरून वरचा जीएसटी विसरलात, तर तेवढ्यावरून व्याज आणि लेट फी सुरू. ऑटो डेबिट लावा, आणि लावताना 'मिनिमम' नाही तर 'टोटल' निवडा.

आणि हप्ते संपेपर्यंत त्या कार्डावर खरेदी करू नका. ट्रान्सफरची रक्कम लिमिट अडवून बसते, उरलेलं लिमिट थोडं असतं, आणि पैसे कमी भरले गेले की ते आधी कशात वळते होतात याचा क्रम बँक ठरवते. मी कार्ड अ‍ॅपमधून ऑनलाइन वापरासाठी बंद केलं आणि प्लास्टिक आईच्या देव्हाऱ्यात ठेवलं. आईने महिनाभर त्याला फूल वाहिलं, मग विचारलं हे काय आहे.

९. जुन्या कार्डाचं काय करायचं

लिमिट मोकळं झालं की हात शिवशिवतो. तीन महिन्यांत पुन्हा तेवढीच थकबाकी आणि वर नवे हप्ते, असं झालेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. स्वतःवर भरवसा नसेल तर बंद करा. भरवसा असेल आणि वार्षिक फी नसेल, तर ठेवलेलं सिबिलला बरं असतं, कारण एकूण लिमिट मोठं राहतं. मधला मार्ग म्हणजे लिमिट कमी करून घ्या.

बंद करायचं ठरलं तर सगळी देणी चुकती करून ईमेलने किंवा अ‍ॅपमधून लेखी विनंती द्या. सात कामाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केलं नाही, तर त्यापुढे दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोनवर 'आजीवन फुकट करून देतो सर' असं गोड बोलतील. विनंतीचा नंबर घ्या आणि फोन ठेवा. मग 'कोणतंही देणं बाकी नाही' असं पत्र मागा.

तक्रार असेल तर आधी बँकेकडे लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी त्यांचा फोन नंबर १४४४८, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.